एकासनी अल्ट्रालाइट विमान घेण्यापूर्वी आणि उडवण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी, तसेच तेथे मुलांकडे गेल्यावर एखाद्या शेतावरून घरघरत जाणारे एका माणसाचे विमान पाहून आलेले पालक, या छंदाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे अमेरिकेतील नियमांना धरून आहेत. भारत आणि ब्रिटन यांचा विचार शेवटी केला आहे. मोटार लावलेले पॅराग्लायडर आणि ट्राइक (कापडी पंखाखाली टांगलेले तीन चाकांचे यंत्र) हेही अल्ट्रालाइटच्याच नियमाखाली येतात, परंतु येथे केवळ पंख, शेपूट आणि दांडीने चालवायची नियंत्रणे असलेल्या विमानांविषयीच लिहिले आहे.

अल्ट्रालाइट नेमके कशाला म्हणतात?

अमेरिकेतील नागरी विमान वाहतूक पाहणाऱ्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजे एफएएच्या, नियमावलीतील भाग 103 मध्ये याची व्याख्या दिली आहे. इंजिन असलेल्या अल्ट्रालाइटमध्ये एकच माणूस बसू शकतो. त्याचे रिकामे वजन 254 पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 115 किलोंपेक्षा, कमी असावे लागते. पेट्रोलची टाकी 5 अमेरिकन गॅलनांपेक्षा, म्हणजे सुमारे 19 लिटरांपेक्षा, मोठी असू नये. पूर्ण ताकदीवर एकाच पातळीत उडताना विमानाचा वेग 55 नॉटांच्या, म्हणजे ताशी सुमारे 102 किलोमीटरच्या, पुढे जाऊ शकता कामा नये. आणि इंजिनाची ताकद नसताना त्याचा स्टॉलचा वेग 24 नॉटांपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे 44 किलोमीटरपेक्षा, जास्त असू नये. ज्या वेगाखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाही, तो स्टॉलचा वेग. या सर्व अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. त्यांपैकी एक जरी मोडली तरी ते यंत्र अल्ट्रालाइट राहत नाही, आणि मग त्याला साध्या विमानाचे सर्व नियम लागू होतात.

परवाना खरोखरच लागत नाही का?

लागत नाही. चालकाला परवाना नको, वैद्यकीय प्रमाणपत्र नको, वयाची अट नाही. विमानाची नोंदणी नको आणि उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्रही नको. मात्र एफएएच्या अधिकाऱ्याने मागणी केल्यास विमान तपासू द्यावे लागते आणि ते भाग 103 मध्येच बसते याचा समाधानकारक पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा देण्याची जबाबदारी उडवणाऱ्याची असते.

या सवलतीचा अर्थ पुष्कळ जण चुकीचा लावतात. परवाना लागत नाही म्हणजे कौशल्य लागत नाही, असे नाही. सरकारने फक्त आपली परीक्षा घेण्याचे सोडून दिले आहे. मोठ्या विमानांच्या बाबतीत परीक्षक, प्रमाणित मेकॅनिक आणि वार्षिक तपासणी अशी जी माणसे व व्यवस्था चालकाच्या चुका पकडतात, त्यांतील एकही येथे नसते. ते सर्व काम मालकालाच करावे लागते, आणि पुढील बहुतेक उत्तरे ते काम कसे करावे याविषयीच आहेत.

इतका सैल नियम आला कसा?

1970 च्या दशकात हँग ग्लायडर (चालक खाली लटकून उडवतो तो बिनइंजिनाचा पंख) उडवणाऱ्या काही हौशी मंडळींनी पाठीशी लहान इंजिने बांधायला सुरुवात केली. विस्कॉन्सिन राज्यातील जॉन मूडी यांनी 1975 मध्ये गोठलेल्या तलावावरून असे उड्डाण केले आणि 1976 मध्ये ऑशकॉश येथील विमानांच्या मेळाव्यात त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. पायांनी धावत उड्डाण करायचे ही यंत्रे विमान नव्हेत, असे मानून त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येत होते. पण लवकरच त्यांना चाके आली, आसने आली आणि क्विकसिल्व्हर, वीडहॉपर, टेरोडॅक्टिल अशी नावे असलेली किटे, म्हणजे स्वतः जोडायचे सुट्या भागांचे संच, मोठ्या संख्येने विकली जाऊ लागली. तेव्हा एफएएने भाग 103 तयार केला, आणि तो ऑक्टोबर 1982 मध्ये लागू झाला. उडवणाऱ्याने स्वतःचा जीव धोक्यात घालायचा असेल तर घालावा, पण जमिनीवरील माणसांचा आणि इतर विमानांचा घालू नये, ही त्यामागची भूमिका आहे. नियम वाचताना हे ध्यानात ठेवले तर त्यातील प्रत्येक बंधनाचे कारण आपोआप कळते.

आधी विमान घ्यावे की आधी शिकावे?

आधी शिकावे. हा क्रम उलटा झाला की काय होते, हे या छंदातील जुन्या माणसांना चांगले ठाऊक असते: विमान गॅरेजमध्ये येऊन बसलेले असते, शनिवारची सकाळ छान असते, शिक्षक मात्र तीन तासांच्या अंतरावर असतो, आणि मालक मनाशी म्हणतो की आज नुसते जमिनीवर चालवून पाहू. हलके विमान जमिनीवर वेगात पळवले की ते अनेकदा चालकाच्या इच्छेविनाच हवेत उठते, आणि ज्याने कधी विमान उतरवलेले नाही तो माणूस अशा वेळी वीस फुटांवर एकटा असतो.

एकाच आसनाच्या विमानात शिक्षक बसू शकत नाही, ही येथील मूळ अडचण आहे. पूर्वी शिकवण्यापुरती दोन आसनी अल्ट्रालाइटे वापरण्याची विशेष सूट होती. ती 31 जानेवारी 2008 रोजी संपली. आता प्रशिक्षण नोंदणीकृत दोन आसनी विमानात, परवानाधारक शिक्षकाकडूनच घ्यावे लागते. शक्य असेल तर आपल्याला जे विमान घ्यायचे आहे त्याच्या स्वभावाचे, म्हणजे उघडे, हलके आणि हवेचा अवरोध जास्त असलेले दोन आसनी विमान शिकवण्यासाठी वापरणारा शिक्षक शोधावा, त्यासाठी दुसऱ्या राज्यात आठवडाभर जाऊन राहावे लागले तरीही. तसा शिक्षक मिळाला नाही तर कोणत्याही लहान विमानात शिकणे हे न शिकण्यापेक्षा कितीतरी बरे.

स्पोर्ट पायलट या हलक्या विमानांच्या परवान्यासाठी किमान 20 तासांचे उड्डाण लागते, त्यांपैकी 15 तास शिक्षकासह आणि 5 तास एकट्याने. अल्ट्रालाइटसाठी तो परवाना काढण्याची सक्ती नाही, पण त्याचा अभ्यासक्रम पूर्ण करावा, निदान शिक्षकाने एकट्याने उडवू देईपर्यंत तरी शिकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हवामान, नकाशे, हवाई हद्दी आणि इतर विमानांना वाट देण्याचे नियम हे सर्व त्यात येते, आणि भाग 103 ते सर्व आपल्याला माहीत आहे असे गृहीत धरतो.

धावपट्टीवर चार-पाच फूट उंच उड्या मारत हळूहळू शिकावे, असा सल्ला अजूनही कोणी कोणी देते. तो ऐकू नये. अशा उडीत विमान सतत स्टॉलच्या वेगाच्या जवळ असते, उंची हातात नसते आणि समोरची धावपट्टी झपाट्याने संपत असते. म्हणजे अनुभवी चालकही टाळेल अशी परिस्थिती नवख्यासाठी मुद्दाम तयार केली जाते.

मला सेसना उडवता येते. तरीही वेगळे शिकावे लागेल का?

होय, थोडे पण नेमके. सेसना 172 या चार आसनी विमानात इंजिन बंद पडले तर विमानाच्या वजनात साठलेला वेग काही क्षण टिकतो आणि चालकाला विचार करायला वेळ मिळतो. अल्ट्रालाइट वजनाने हलके असते आणि त्याच्या तारा, दांडे, चाके आणि खुद्द चालक हे सर्व उघड्या हवेत असतात. त्यामुळे इंजिन थांबताच वेग लगेच घसरतो आणि नाक त्याच क्षणी खाली न्यावे लागते. विशेषतः नाक वर करून चढत असताना इंजिन थांबले, तर एक-दोन सेकंदांचा उशीरही महागात पडतो.

उतरतानाही हाच फरक दिसतो. मोठ्या विमानाच्या सवयीने चालक जमिनीपासून बराच वर असतानाच नाक उचलून विमान सपाट करू लागतो; वेग संपतो आणि विमान उरलेली उंची धपकन खाली येते. येथे जमिनीच्या अगदी जवळ येईपर्यंत वेग राखावा लागतो. या छंदात अपघात होतात ते केवळ अडाण्यांचेच, असा समज असतो. परवानाधारक चालक अतिआत्मविश्वासाने थेट बसले आणि पहिल्याच उड्डाणात चाकांची दांडी वाकवून बसले, हेही तितकेच खरे आहे.

254 पौंडांचा हिशेब कसा करतात?

यात पेट्रोल आणि चालक यांचे वजन धरत नाहीत. पाण्यावर उतरण्यासाठी लावलेले तरंगते आणि संकटकाळी उघडायचे पॅराशूट यांनाही सूट आहे. एफएएच्या मार्गदर्शक पत्रकाप्रमाणे पॅराशूटसाठी 24 पौंड वजावट मिळते. बाकी सर्व, म्हणजे रेडिओचा कंस, वाऱ्याची काच, जाड टायर, मऊ गादी आणि बॅटरीसुद्धा, मोजले जाते. विजेवर सुरू होणारे इंजिन हवेसे वाटते, पण स्टार्टर आणि बॅटरी मिळून बरेच पौंड खातात, म्हणून आजही अनेक मालक दोरी ओढूनच इंजिन सुरू करतात.

खरी अडचण जुन्या विमानांची आहे. मर्यादेपेक्षा जड झालेले, नोंदणी नसलेले विमान बाजारात सर्रास मिळते आणि विकणारा ते भाग 103 मध्ये बसते असे सांगतो. कायद्याच्या दृष्टीने ते नोंदणी नसलेले विमान असते आणि ते उडवणारा परवाना नसलेला वैमानिक ठरू शकतो. अशी विमाने लाइट-स्पोर्ट या हलक्या, नोंदणीकृत विमानांच्या वर्गात नोंदवून घेण्याची एक खिडकी उघडली होती, तीही जानेवारी 2008 अखेर बंद झाली. आता दुसऱ्याने बांधलेले जड विमान कायद्यात बसवणे फार अवघड आहे. म्हणून विकत घेण्यापूर्वी तीन वजनकाटे आणून, प्रत्येक चाकाखाली एक ठेवून, टाकी रिकामी करून, स्वतः वजन करावे. विकणारा याला नकार देत असेल तर त्याच्याशी पुढे बोलणे करू नये.

नवे घ्यावे, किट बांधावे की जुने घ्यावे?

नव्या तयार विमानांत एअरोलाइट 103 हे नाव वारंवार ऐकू येईल. ते फ्लोरिडात तयार होते. कोल्ब फायरफ्लाय, सीजीएस हॉक, मिनीमॅक्स आणि बॅडलँड याही परिचित जाती आहेत. कोल्बचे पंख दुमडतात, त्यामुळे हँगरचे भाडे वाचते. ज्यांना स्वतः बांधायचे आहे त्यांच्यासाठी लीगल ईगल हा वेल्ड केलेल्या पोलादी नळ्यांचा आराखडा लोकप्रिय आहे. त्यात फोक्सवॅगन मोटारीचे इंजिन अर्धे करून बसवतात. नवे विमान सर्वांत महाग पडते, पण त्याचा इतिहास कोरा असतो आणि कारखान्यात विचारायला माणूस असतो. किट बांधण्यात एखादे-दोन वर्षे सहज जातात आणि अर्धवट सोडलेली किटे विक्रीला आलेली नेहमी दिसतात, यावरून काय ते समजावे. पण जो शेवटपर्यंत बांधतो त्याला आपल्या विमानाचा प्रत्येक बोल्ट ओळखू येतो, आणि मालक हाच मेकॅनिक असलेल्या या छंदात ही गोष्ट लहान नाही.

बहुतेकांचे पहिले विमान जुने असते, म्हणून त्याच्या तपासणीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पंखांवरचे कापड आधी पाहावे. अनेक विमानांवर शिवलेले डॅक्रॉनचे, म्हणजे पॉलिस्टर कापडाचे, आवरण असते आणि ऊन त्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. रंग उडालेला नसला तरी कापड आतून कुजलेले असू शकते, विशेषतः वरच्या बाजूला आणि शिवणीच्या दोऱ्यात. शिवणीचा दोरा नखाने घासल्यावर तुटत असेल तर नवे आवरण घ्यावे लागणार हे धरून किंमत ठरवावी. कापडाची ताकद मोजण्याच्या पद्धती आहेत आणि त्या जातीच्या विमानाच्या माहितीपत्रकात त्या सहसा दिलेल्या असतात.

त्यानंतर सांगाडा. ॲल्युमिनियमच्या नळीला बोल्टाच्या भोकापाशी तडा आहे का, भोक लांबट झाले आहे का, नळी कुठे वाकवून पुन्हा सरळ केलेली दिसते का, हे बॅटरीच्या उजेडात आणि भिंगाने पाहावे. नवे रंगकाम केलेली एकच नळी दिसली की तिच्याविषयी विचारावे. तारांचे टोक जेथे दाबून बसवलेले असते तेथे एखादा धागा तुटलेला आहे का, ते कापडाचा तुकडा तारेवरून फिरवून कळते. तुटलेला धागा कापडात अडकतो. बोल्ट विमानासाठीचेच असावेत. डोक्यावर कोणतीही खूण नसलेला हार्डवेअरच्या दुकानातील बोल्ट मुख्य सांध्यात दिसला, तर आधीच्या मालकाच्या इतर कामाविषयीही तोच अंदाज बांधावा.

हे सर्व एकट्याने पाहू नये. तीच जात अनेक वर्षे उडवणारा माणूस सोबत न्यावा, त्याच्या पेट्रोलचा आणि जेवणाचा खर्च आनंदाने करावा. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन या हौशी विमानप्रेमींच्या संघटनेच्या स्थानिक शाखांमध्ये अशी माणसे भेटतात आणि त्यांतील बहुतेकांना विचारलेले आवडते.

दोन-स्ट्रोक इंजिनाविषयी इतकी भीती का दाखवतात?

भीती नको, शिस्त हवी. इतक्या कमी वजनात इतकी ताकद दोन-स्ट्रोक इंजिनच देते, म्हणून अल्ट्रालाइटांत ते टिकून आहे. जुन्या विमानांत रोटॅक्स 447 आणि 503 ही इंजिने सर्वत्र दिसतात. त्यांचे उत्पादन आता बंद आहे, पण सुटे भाग आणि जाणकार अजून मिळतात. नव्या विमानांत हिर्थ आणि पोलिनी ही नावे दिसतील. रोटॅक्सच्या अशा इंजिनांना साधारण 300 तासांनी पूर्ण उघडून दुरुस्त करावे, असे कंपनी सांगते. मधल्या काळात पिस्टनच्या कड्यांवरचा आणि निकासमार्गातला कार्बनही काढावा लागतो. ज्या विमानाच्या विक्रेत्याकडे तासांची वही नाही, त्याचे इंजिन उघडण्याच्या बेतात आहे असेच समजावे.

या इंजिनाला वेगळे तेल पुरवलेले नसेल तर ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, बहुधा 50 भाग पेट्रोलला 1 भाग तेल या प्रमाणात. म्हणजे भरलेल्या 5 गॅलनांच्या टाकीसाठी सुमारे 380 मिलिलिटर. डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नये, मापाचे भांडे ठेवावे. मिश्रणात हवा जास्त झाली की तापमान वाढते आणि पिस्टन जळतो. म्हणून निकासवायूचे आणि सिलिंडरच्या माथ्याचे तापमान दाखवणारे दोन्ही काटे विमानात असावेतच. थंड इंजिन लगेच पूर्ण ताकदीवर नेल्यास पिस्टन आधी तापून फुगतो, भोवतालचे सिलिंडर थंडच राहते आणि इंजिन अडकते. त्यासाठी उड्डाणापूर्वी पुरेसे गरम करणे हा एकच उपाय आहे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी धरते आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे खराब करते. इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत असेल तर तेच घ्यावे आणि महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिलेले वापरू नये.

इतके करूनही इंजिन कधीतरी बंद पडेलच, असे धरून उडावे. अशा विमानाचे घसरणीचे प्रमाण साधारण सहास एक धरले, म्हणजे इंजिनाविना एक फूट खाली येताना ते सहा फूट पुढे जाते असे धरले, तर 300 फुटांवरून वाऱ्याविना सुमारे 550 मीटर अंतर कापता येते, आणि वळायचे असेल तर त्याहून बरेच कमी. म्हणून उतरण्याजोगे शेत नेहमी नजरेत ठेवावे. उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबले तर धावपट्टीकडे मागे वळण्याचा मोह टाळून समोरच उतरावे.

जाता जाता, ज्या विमानाला ब्रेक नाहीत आणि ज्याचे इंजिन दोरीने सुरू होते, त्याची शेपूट खांबाला बांधल्याशिवाय दोरी ओढू नये. चालकाविना पळत सुटलेल्या विमानाचा पंखा थांबवायला कोणीही पुढे जाऊ शकत नाही.

किती वाऱ्यात उडावे?

नव्या चालकाने 5 ते 6 नॉटांपेक्षा जास्त वाऱ्यात उडू नये, आणि तोही धावपट्टीच्या दिशेने असावा. 35 नॉटांनी उतरणाऱ्या विमानाला 15 नॉटांचा झोत म्हणजे त्याच्या वेगाचा जवळजवळ निम्मा भाग होय. झाडांच्या रांगेमागे आणि गोठ्यांच्या आडोशाला हवा घुसळली जाते, आणि दुपारी तापलेल्या शेतांवरून वर उठणारे प्रवाह हलक्या विमानाला सहज उचलतात व सोडून देतात. त्यामुळे सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास हाच या छंदाचा खरा वेळ आहे. नोकरी करणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावे, कारण शनिवारी सकाळी उशिरा उठण्याची सवय आणि अल्ट्रालाइट ही दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

कोठे उडवता येते आणि कोठे नाही?

शहर, गाव किंवा वस्तीच्या दाट भागावरून आणि उघड्यावर जमलेल्या लोकांच्या समुदायावरून उडता येत नाही. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच उडता येते. तीन मैलांवरून दिसणारा इशाऱ्याचा दिवा लावलेला असेल तर अनियंत्रित हद्दीत (जेथे नियंत्रण कक्षाचा ताबा नसतो) आधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास मिळतो. जमीन सतत डोळ्यांना दिसत राहिली पाहिजे. ढगांपासून आणि धुक्यापासून किती दूर राहायचे हे हद्दीच्या वर्गानुसार ठरते. इतर सर्व विमानांना वाट द्यावी लागते, आणि इंजिनवाल्या अल्ट्रालाइटने बिनइंजिनाच्या अल्ट्रालाइटलाही.

हवाई हद्दीचे ए, बी, सी, डी हे नियंत्रित वर्ग, तसेच विमानतळासाठी जमिनीपासून राखलेली ई वर्गाची हद्द, नियंत्रण कक्षाच्या पूर्वपरवानगीशिवाय बंद असतात. व्यवहारात याचा अर्थ असा की न्यू जर्सी, बे एरिया किंवा शिकागो या आपल्या लोकांच्या दाट वस्तीच्या भागांत घराजवळ उडणे जवळजवळ अशक्य असते आणि एक-दोन तास गाडी चालवून ग्रामीण भागातल्या गवताळ धावपट्टीवर जावे लागते. एफएएचे हवाई नकाशे संगणकावर विनामूल्य मिळतात. ते वाचायला शिकावे. प्रत्येक उड्डाणापूर्वी तात्पुरते निर्बंधही पाहावेत. वणवा, राष्ट्राध्यक्षांचा दौरा किंवा मोठ्या स्टेडियममधील सामना यांमुळे काल मोकळी असलेली जागा आज बंद असू शकते.

शेतात उतरण्यासाठी मालकाची परवानगी हवीच. शेजाऱ्यांच्या घरांवरून रोज सकाळी सहा वाजता दोन-स्ट्रोक इंजिन घुमवणे बेकायदा नसले तरी ती धावपट्टी फार दिवस टिकत नाही.

मित्राला बसवता येईल का? जाहिरातीचा फलक ओढून पैसे मिळवता येतील का?

दोन्ही नाही. एकच माणूस, आणि उड्डाण केवळ छंदासाठी किंवा खेळासाठी.

विमानाचे पॅराशूट घ्यावे का?

घ्यावे. बोरिस पोपोव्ह यांनी 1980 मध्ये मिनेसोटात बॅलिस्टिक रिकव्हरी सिस्टिम्स ही कंपनी काढली आणि छोट्या अग्निबाणाने संपूर्ण विमानाचे पॅराशूट बाहेर फेकण्याची पद्धत या छंदात रुजवली. हवेत पंखाचा सांधा तुटला किंवा दुसऱ्या विमानाशी धडक झाली, तर दुसरा उपाय उरत नाही. मात्र ते उघडायला उंची लागते, म्हणून झाडांच्या शेंड्यावर घिरट्या घालणाऱ्याला त्याचा उपयोग थोडा. उड्डाणापूर्वी सुरक्षेची पिन काढणे आणि उतरल्यावर ती परत लावणे हे तपासणीच्या यादीत लिहून ठेवावे. कापड आणि अग्निबाण दोन्हींना ठरावीक मुदत असते, तेव्हा जुन्या विमानासोबत मिळालेल्या पॅराशूटवरची तारीख वाचल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नयेत.

खर्च आणि विमा यांचे काय?

विमानाच्या किमतीइतकेच लक्ष बाकीच्या खर्चाकडे द्यावे. प्रशिक्षण, पॅराशूट, हेल्मेट, हँगरचे भाडे किंवा बंदिस्त ट्रेलर, आणि दर काही वर्षांनी इंजिन उघडणे यांसाठी वेगळे पैसे बाजूला काढूनच विमानाचे अंदाजपत्रक करावे. विमान उघड्यावर ठेवून वाचलेले भाडे ऊन कापडातून वसूल करते. घराच्या विमा पॉलिसीत हवाई यंत्रे सहसा वगळलेली असतात आणि आयुर्विम्याच्या अर्जात या छंदाविषयी विचारलेले असू शकते. दोन्ही कागद नीट वाचावेत आणि लपवाछपवी करू नये.

मी व्हिसावर आहे. मला असे विमान घेता येईल का?

अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर नोंदवण्यासाठी व्यक्ती तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी असावी लागते. भाग 103 च्या विमानाला नोंदणीच नसल्यामुळे ही अट येथे येत नाही. प्रशिक्षणाची गोष्ट वेगळी आहे. परदेशी नागरिकाने वैमानिक परवान्यासाठी शिकायला सुरुवात करण्यापूर्वी वाहतूक सुरक्षा प्रशासनाची मंजुरी घ्यावी लागते. आपण परवाना काढणार नसलो तरी शिकवणी ठरवतानाच शिक्षकाला आपली व्हिसाची स्थिती सांगावी आणि कोणती मंजुरी लागेल ते लेखी विचारून घ्यावे.

हेच विमान भारतात किंवा ब्रिटनमध्ये उडवता येईल का?

ब्रिटनमध्ये एकासनी मायक्रोलाइटांना (अशा हलक्या विमानांचे तेथील नाव) 2014 पासून बरीच मोकळीक आहे. 300 किलोंपर्यंतच्या, कमी स्टॉल वेगाच्या एकासनी विमानाला उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्रातून सूट मिळते. परंतु नोंदणी आणि चालकाचा परवाना दोन्ही लागतात.

भारतात भाग 103 सारखी सूट नाही. मायक्रोलाइटची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी करून त्यावर व्हीटीने सुरू होणारे चिन्ह घ्यावे लागते, उड्डाणाची परवानगी लागते आणि चालकाकडे परवाना असावा लागतो. अमेरिकेतून परतताना विमान कंटेनरमध्ये घालून आणण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो; या सर्व मंजुऱ्या हातात येण्यापूर्वी तो अमलात आणू नये, कारण एरवी ते यंत्र गोदामातच पडून राहील. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर आणि मायक्रोलाइट यांच्यावर बंदीचे आदेश काढत असतात. महाराष्ट्रात राहून ज्याला हलक्या यंत्रात बसून हवा ओळखायला शिकायचे आहे, त्याने पुण्याजवळ कामशेतला पॅराग्लायडिंग शिकावे. तेथे इंजिन नसते, पण वारा, उतारावरची हवा आणि उतरण्याची जागा आधी हेरून ठेवण्याची सवय पुढे अल्ट्रालाइटमध्ये जशीच्या तशी उपयोगी पडते.